वाचकांचे प्रश्न : पापवा सेवगोलम यांची उलटी ग्रिप

मागच्या अंकात दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे भारतीय वंशाचे गोल्फपटू पापवा सेवगोलम यांच्यावर छोटे टिपण होते. कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस) म्हणून सुरुवात, क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, धरायची उलटी पद्धत (ग्रिप), १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीन वेळा डच ओपन, आणि १९६३ मध्ये नाताल प्रांताची नाताल ओपन जिंकल्यावर पावसात क्लबहाउसबाहेर स्वीकारलेला करंडक, एवढाच त्यातला मजकूर होता. त्यावर बरीच पत्रे आली. निम्म्याहून जास्त पत्रे हातांबद्दलच विचारणारी आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : उलटी ग्रिप म्हणजे पापवा डावखुरे होते का? नेमके काय उलटे होते? (एक वाचक, नाशिक)

डावखुरे नव्हते. गल्लीत पहिल्यांदा बॅट हातात घेणारे मूल आठवा. उभे राहते उजव्या फलंदाजासारखे, पण उजवा हात दांड्याच्या टोकाशी आणि डावा खाली धरते. कोणीतरी मोठे माणूस लगेच पुढे येऊन हात बदलून देते. पापवांच्या हातांची मांडणी अगदी तीच होती. चेंडूच्या ज्या बाजूला उजवा खेळाडू उभा राहतो तिथेच ते उभे राहत, क्लबही उजव्या खेळाडूचेच वापरत. फक्त वरचा हात उजवा आणि खालचा डावा. डावखुऱ्याचाही उजवा हात वरच असतो, पण तो चेंडूच्या पलीकडच्या बाजूला उभा राहतो. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

प्रश्न : असे धरून फटका बसतो तरी कसा? पुस्तकात तर ही पहिली चूक म्हणून दाखवतात. (एक वाचक, कोल्हापूर)

पुस्तक ज्या स्विंगचे (क्लब फिरवण्याच्या चालीचे) वर्णन करते त्या स्विंगसाठी ती चूकच आहे. पापवांचा स्विंग वेगळा होता आणि त्याची स्वतःची पूर्ण घडी होती.

नेहमीच्या ग्रिपमध्ये डावा हात वर असतो. हौशी खेळाडूंचे सर्वांत जुने दुखणे असे, की चेंडूपाशी पोचता पोचता खालचा उजवा हात घाई करतो, क्लब पुढे फेकला जातो आणि डावे मनगट मागच्या बाजूला मोडते. मग क्लबचे तोंड वर बघू लागते. चेंडू एकतर हवेत उंच जाऊन जवळच पडतो, नाहीतर क्लबची कड त्याच्या डोक्याला लागते आणि तो सरपटत जातो. डावा हात खाली घेतला की हे मनगट सहजी मोडत नाही, कारण डाव्या हाताची कोपराखालची बाजू आणि क्लबचा दांडा जवळजवळ एका रेषेत येतात. खांदेही जास्त समतल राहतात. तोंड स्थिर राहिल्यामुळे चेंडूची दिशा भरवशाची होते.

याची किंमत अंतरात मोजावी लागते. क्लब मागे नेताना डावा हात छातीवरून आडवा जातो, आणि तो दांड्यावर खाली असल्याने त्याला आणखी लांब पोचावे लागते. स्विंग आखूड राहतो, मनगटांचा कोन पुरेसा होत नाही आणि क्लबच्या डोक्याचा वेग घटतो. मधल्या अंतराच्या आयर्न क्लबपेक्षा सर्वांत लांब मारायच्या ड्रायव्हरवर हे जास्त जाणवते. फटक्यानंतरही डावा कोपर लवकर दुमडावा लागतो. तो ताठ ठेवला तर जमिनीचा हिसका सरळ कोपरात बसतो.

ज्याने लहानपणापासून असाच स्विंग केला आहे, त्याचे खांदे आणि कंबर या आखूड चालीशी जुळलेले असतात. डर्बन कंट्री क्लबसारख्या, समुद्राला लागून वाळूच्या टेकड्यांवर पसरलेल्या मैदानात वारा सुटला की आखूड स्विंगचा फायदाही होतो. बीचवुडच्या कोर्सवर कॅडी म्हणून वावरताना पापवांनी हा खेळ पाहून पाहून उचलला. हात बदलून द्यायला तिथे कोणी प्रशिक्षक नव्हता. तो असता, तर डच ओपनचे तीन करंडक आले असते का याची आम्हाला मनापासून शंका आहे.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा असाच खेळतो. ग्रिप बदलायची का? (एक पालक, पुणे)

आधी किती दिवसांपासून खेळतो ते पाहा. दोन-चार महिनेच झाले असतील तर आताच बदला. सवय मुरलेली नसते आणि पुढे अंतरासाठी त्याला झगडावे लागणार नाही.

दोन-तीन वर्षे झाली असतील तर घाई करू नका. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) ७ नंबरच्या आयर्नने त्याला वीस चेंडू मारू द्या आणि ते कुठे पडतात याची कागदावर खूण करा. चेंडू एकाच पट्ट्यात पडत असतील आणि फक्त लांबी कमी असेल, तर त्याची ग्रिप त्याला साथ देते आहे. ते डावी-उजवीकडे पांगत असतील तर बदलायला कारण आहे. मनगट किंवा कोपर दुखत असेल तर दुसरा विचारच नको, बदला.

बदलताना पूर्ण स्विंग करायचा नाही. पहिला आठवडा फक्त चिपिंग, म्हणजे जवळचे छोटे फटके, क्लब कमरेच्या वर न्यायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात खांद्यापर्यंत, ९ नंबरच्या आयर्नने. तिसऱ्या आठवड्यानंतर ७ नंबर. ड्रायव्हर महिनाभर पिशवीतच राहू द्या, कारण जोर लावायची वेळ आली की हात आपोआप जुन्या जागी जातात आणि झालेली मेहनत वाया जाते. या महिन्यात स्पर्धा नको.

प्रश्न : मला पूर्ण स्विंग बदलायचा नाही, पण तीन फुटांचे पट (होलजवळून चेंडू आत ढकलायचे फटके) सुटतात. पापवांची ग्रिप तिथे चालेल का? (एक वाचक, ठाणे)

चालेल, आणि तिथेच ती आज सर्वांत जास्त दिसते. अमेरिकेच्या जॉर्डन स्पीथने २०१५ मध्ये मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकल्या तेव्हा पट करताना त्याचा डावा हात खालीच होता.

उजवा हात पटरच्या (पट मारायच्या क्लबच्या) टोकाशी ठेवा, अंगठा दांड्याच्या सपाट बाजूवर सरळ खाली. त्याखाली डावा हात, त्याचाही अंगठा सपाट बाजूवर. दोन हातांत फट नको. डाव्या पंज्याची पाठ थेट होलकडे बघायला हवी. पटरचे तोंड जिकडे, तिकडे पंज्याची पाठ, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. चेंडू डाव्या डोळ्याखाली घ्या आणि खांद्यांनी झोका द्या.

पहिल्याच दिवशी हमखास होणारी चूक म्हणजे डावा हात खाली गेल्यामुळे दांडा होलच्या दिशेला झुकतो. मग पटरचे तोंड खाली दबते आणि चेंडू सुरुवातीला एक-दोन उड्या मारतो. असे दिसले की दांडा पुन्हा सरळ उभा करा, चेंडू हलवू नका.

घरी सतरंजीवर करण्यासारखा एक सराव आहे. डाव्या हातात घड्याळ घाला आणि त्याच्या पट्ट्याखालून एक पेन्सिल पंज्याच्या पाठीवर सरकवा. पट करताना मनगट मागे मोडले की पेन्सिल पाठीत रुतते, लगेच कळते. मैदानावर दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) पटरच्या डोक्याच्या लांबीपेक्षा बोटभर जास्त अंतराने रोवून त्यांच्यामधून तीन फुटांचे वीस पट करा.

लांबच्या पटला मात्र या ग्रिपने अंतराचा अंदाज चुकतो, कारण तो अंदाज देणारा उजवा हात आता वर गेलेला असतो. तीस फुटांवरून चेंडू चार-पाच फूट कमी किंवा जास्त जाऊ लागले तर लांबच्या पटला जुनी ग्रिप ठेवा आणि जवळच्या पटला नवी. दोन्ही वापरणारे खेळाडू आहेत.

प्रश्न : नियमात बसते का हे? (एक वाचक, नागपूर)

हो. कोणता हात वर असावा याबद्दल गोल्फचे नियम काहीच सांगत नाहीत. १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे ती क्लबचे टोक किंवा क्लब धरलेला हात शरीराला टेकवून, तो खुंटीसारखा वापरून मारण्यावर.

प्रश्न : खेळू दिले, जिंकूही दिले, मग आत का घेतले नाही? हे समजत नाही. (एक वाचक, सांगली)

कारण खेळण्याची परवानगी आणि इमारतीत शिरण्याची परवानगी या वर्णभेदी राजवटीत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने शहरांचे भाग वंशानुसार वाटले. गोऱ्यांसाठी ठरवलेल्या भागातल्या मैदानावर दुसऱ्या वंशाच्या माणसाला खेळायचे तर सरकारी परमिट लागे. १९५३ च्या दुसऱ्या कायद्याने सार्वजनिक जागा आणि सोयी वेगवेगळ्या ठेवण्याला आधार दिला. त्यामुळे पापवा डर्बन कंट्री क्लबच्या अठराही होलवर गोऱ्या खेळाडूंबरोबर चालू शकत होते, पण कपडे बदलायला, जेवायला, चहा घ्यायला आत जाऊ शकत नव्हते. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. बाकीचे खेळाडू आत, छपराखाली. विजेता बाहेर, भिजत. ते छायाचित्र जगभर छापले गेले आणि दक्षिण आफ्रिकेवरच्या क्रीडा बहिष्काराच्या चळवळीला त्याने मोठे बळ दिले. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकची दारे त्या देशाला बंद झाली.

१९६५ मध्ये त्यांनी नाताल ओपन दुसऱ्यांदा जिंकली, या वेळी दक्षिण आफ्रिकेचेच नामवंत गोल्फपटू गॅरी प्लेअर यांना मागे टाकून. त्यानंतर देशातल्या स्पर्धांत त्यांना खेळू देणे बंद झाले आणि पासपोर्टही काढून घेतला गेला. घरात खेळता येईना, बाहेर जाता येईना. व्यावसायिक गोल्फपटूचे पोट स्पर्धांच्या बक्षिसावर चालते, हे लक्षात घेतले की त्या दोन निर्णयांचा अर्थ कळतो. १९७८ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच त्यांचे निधन झाले. त्यांची कारकीर्द उलट्या ग्रिपने अडवली असे अजूनही अधूनमधून छापून येते. ते खरे नाही. ती अडवली परमिटने आणि पासपोर्टने.

प्रश्न : प्लेअरना हरवले म्हणजे पापवा त्यांच्यापेक्षा श्रेष्ठ होते असे म्हणता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

एका स्पर्धेवरून नाही. प्लेअर यांच्या नावावर नऊ मेजर (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतले विजय) आहेत : ब्रिटिश ओपन १९५९, १९६८ आणि १९७४, मास्टर्स १९६१, १९७४ आणि १९७८, पीजीए १९६२ आणि १९७२, आणि यूएस ओपन १९६५. चारही मेजर जिंकणारे ते जगातले तिसरे खेळाडू, आणि तेव्हा वय अवघे २९. मात्र तारखा शेजारी ठेवून पाहा. १९५९ मध्ये प्लेअर म्यूरफील्डला पहिली मेजर जिंकले, त्याच वर्षी पापवा पहिली डच ओपन. १९६५ मध्ये प्लेअरनी यूएस ओपन जिंकून चौकडी पूर्ण केली, त्याच वर्षी नाताल ओपनमध्ये पापवांनी त्यांना हरवले. म्हणजे सर्वोच्च फॉर्मात असलेल्या खेळाडूला हरवले.

प्लेअर एकट्या मास्टर्समध्ये ५२ वेळा खेळले. पापवांना अशी संधीच नव्हती. अमेरिकेतही तेव्हा दार उघडे नव्हते. तिथल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या, म्हणजे पीजीएच्या, घटनेत फक्त गोऱ्यांना सदस्यत्व देणारे कलम १९६१ पर्यंत होते, आणि मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो थेट १९७५ मध्ये. प्लेअर यांच्याबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी वर्णभेदाची उघड बाजू घेतली. १९७१ मध्ये एल्डरना दक्षिण आफ्रिकेत खेळायला त्यांनीच बोलावले, आणि पुढे आपली जुनी भूमिका चुकीची होती हे जाहीरपणे मान्य केले.

प्रश्न : युरोपियन टूरच्या विजेत्यांत त्यांचे नाव सापडत नाही. (एक वाचक, बेळगाव)

ती टूर, म्हणजे युरोपातल्या व्यावसायिक स्पर्धांची मालिका, १९७२ पासूनची, त्यामुळे आधीचे विजय त्या हिशोबात येत नाहीत. डच ओपनच्या विजेत्यांची स्वतंत्र यादी पाहा. ही स्पर्धा १९१२ पासूनची आहे आणि त्या यादीत त्यांचे नाव तीन ठिकाणी आहे. युरोपात जायला त्यांना ग्रॅहम वुल्फ या डर्बनच्या उद्योजकाने मदत केली. ‘ऑइल ऑफ ओले’ हे क्रीम बनवणारे तेच वुल्फ.

प्रश्न : सेवगोलम हे आडनाव भारतात कुठले? (एक वाचक, औरंगाबाद)

या रूपात कुठलेच नाही. १८६० पासून कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गिरमिटिया (कराराने बांधलेले) मजूर नातालच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांची नावे इंग्रजी कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिली आणि तीच पुढच्या पिढ्यांना चिकटली. पापवांचे पूर्ण नाव सेवसंकर सेवगोलम. मोठ्याने म्हणून पाहा : शिवशंकर शिवगुलाम. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांच्या नावातही हाच शिव आणि हाच गुलाम आहे.

प्रश्न : मुलीकडे डर्बनला जाणार आहे. त्यांची काही आठवण पाहता येईल का? (एक वाचक, दादर)

रिझर्व्हॉयर हिल्स भागात उमगेनी नदीच्या काठाने त्यांच्या नावाचे महापालिकेचे गोल्फ कोर्स आहे, पापवा सेवगोलम गोल्फ कोर्स. जाण्याआधी मुलीला चौकशी करायला सांगा, कारण नदीकाठचे मैदान जोराच्या पावसानंतर काही दिवस खेळण्याजोगे राहत नाही. डर्बनला मुख्य पाऊस नोव्हेंबर ते मार्च असतो.