पद्मिनीचं हेड: फेस मारायच्या आधी काय बघायचं

भावा, तुझा प्रश्न वाचला. आजोबांची प्रीमियर पद्मिनी गाडी, वाघबीळ सोडून पन्हाळ्याच्या चढाला लागल्यावर उकळली. रेडिएटरमध्ये बुडबुडे, डिपस्टिकवर ऑइल पांढऱ्या रश्श्यासारखं. मिस्त्री म्हणतो, मुंबईहून रिकंडिशन हेड (इंजिनच्या ब्लॉकवर बसणारं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण) मागवू, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेस मारून, म्हणजे हेडची तळाची बाजू मशीनवर कापून सपाट करून, संध्याकाळपर्यंत चढवू.

दोन्ही थांबव. मुंबईचं बहुतेक हेड टॅक्सीवरून उतरलेलं असतं. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, आणि शेवटची कित्येक वर्षं या गाड्या सीएनजीवरच पळत होत्या. कोरड्या इंधनावर व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या) खाली बसतात. शिवाय त्या हेडला आधी किती वेळा फेस मारलाय हे विकणाराही सांगू शकत नाही. तुझं हेड निदान एकाच घरातलं आहे.

आता फेस. मशीनवाला दहा मिनिटांत आरशासारखा फेस काढून देईल, पण कापलेलं अल्युमिनियम परत येत नाही. म्हणून फेस सगळ्यात शेवटी. आधी हेड जगणार आहे का ते बघायचं.

काढताना इंजिन पूर्ण गार पाहिजे, आणि नट टोकांकडून मध्याकडे थोडे थोडे ढिले करायचे. स्टडवर (ब्लॉकमधून वर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर) हेड धरून बसलं असेल तर सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालू नको. स्टडच्या कडेने गंजाचं ऑइल सोड, दोन दिवस जाऊ दे, मग लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी ठोक. माझ्या गाडीला चार दिवस लागले होते.

धुण्याबद्दल मात्र नीट ऐक. माझं पहिलं हेड मी एका गॅरेजमध्ये 'स्वच्छ करून ठेवा' म्हणून टाकलं आणि जेवायला गेलो. पोरानं ते कॉस्टिकच्या टाकीत सोडलं, कारण बिडाची हेडं ते रोज तिथंच उकळतात. परत आलो तर टाकी सोड्याच्या बाटलीसारखी फसफसत होती. बाहेर काढलं तर काळं पडलेलं, पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या. कॉस्टिक अल्युमिनियम खातं, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा रॉकेल किंवा डिझेल, नायलॉनचा ब्रश आणि लाकडाची पट्टी. ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून फेस घासणाऱ्याच्या हातात हेड देऊ नको.

स्वच्छ झालं की स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती). लांबीत दोन्ही कडांना, मध्यावर, आडवं आणि दोन्ही तिरक्या रेषांवर बघ. ०.०५ मिमीचं पातं जात नसेल तर मी फेसला हात लावत नाही. ०.१० जात असेल तर फेस मारावाच लागतो. हेड मधेच का उचलतं? ब्लॉक बिडाचा, हेड अल्युमिनियमचं, आणि तापल्यावर अल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. कडेनं स्टडांनी आवळलेलं, मग जाणार कुठं?

चीर शोधायला मॅग्नेटची टेस्ट इथं चालत नाही, ती बिडाला. आपल्याकडे एक सोय आहे ती पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना सहज मिळत नाही: शिरोलीत, गोकुळ शिरगावात फाउंड्रीवाला कोणी ना कोणी ओळखीचा निघतोच. त्यांच्याकडे डाय टेस्ट रोजची. लाल डाय मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर. चीर असेल तर लाल रेघ उमटते. दोन व्हॉल्व्ह सीटांमधली जागा आणि प्लगच्या भोकाची कड आधी बघ. नंतर पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद करून दोन किलो हवा भर आणि हेड गरम पाण्यात बुडव. गारमध्ये न दिसणारी चीर गरममध्ये बुडबुडे सोडते.

त्याच फाउंड्रीच्या लॅबमध्ये ब्रिनेल, म्हणजे धातूच्या कडकपणाची टेस्टही करून घे. हे कुणी करत नाही, आणि इथंच फसतात. खूप तापलेलं अल्युमिनियम मऊ पडतं. वरच्या बाजूला जाड जागी दोन ठिकाणी आकडा घे, एक टोकाला, एक मधे. मधला आकडा बराच कमी आला तर हेड भंगारात घाल. कितीही फेस मार, पुढच्या घाटात गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला पातळ थर) परत जाणार. आकडा ठीक आणि चीर किंवा खाल्लेली भोकं असतील तर आर्गन वेल्डिंग होतं, पण हेड आधी सावकाश गरम करणारा वेल्डर शोध.

मग गाइड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी. सकाळी पहिल्या स्टार्टला, किंवा गिअरमध्ये घाट उतरताना आरशात निळा धूर दिसतो का? व्हॉल्व्ह दहा मिमी वर उचलून हलवून बघ, जाणवण्याइतका हलला तर गाइड गेला. गार हेडमध्ये हातोडीनं गाइड ठोकला तर भोक ओरबाडतं. मी पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत १२० अंशांना हेड तापवतो, नवे गाइड रात्रभर फ्रीजरमध्ये. सौ. विचारतात, मटारात हे काय.

गाइड बदलला की सीट परत कापावीच लागते, कारण मध्य सरकतो. ४५ अंश, आणि रुंदी इनलेटला सव्वा, एक्झॉस्टला दीड मिमीच्या आसपास. मार्किंग ब्ल्यू (टेकल्याची खूण दाखवणारा निळा रंग) लावून पट्टा व्हॉल्व्हच्या तोंडाच्या मधोमध येतो का बघ. पेस्टनं घासून रुंद सीट झाकायची सवय वाईट. शेवटी प्लग लावून हेड उलटं कर, चेंबरमध्ये (इंधन जळतं त्या खळग्यात) रॉकेल ओत, पंधरा मिनिटांत पोर्टमध्ये ओल यायला नको.

आता फेस मार. आधी आणि नंतर व्हर्नियरनं जाडी मोज, मशीनवाल्यासमोर. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, म्हणजे ०.३ मिमी कापलं तर चेंबर साधारण एक सीसीनं लहान होतो. तेवढं चालतं. त्यापुढे नॉकिंग सुरू होतं आणि पुशरॉड तेवढाच लांब राहिल्यानं रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्याचा) कोनही बिघडतो.

चढवायच्या आधी ब्लॉकच्या फेसवरही स्ट्रेट एज ठेव. नट मध्यातून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) त्यानंतर.

आणि गाडी उकळली का? रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घे, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बघ. नळाचं पाणी बंद, कूलंट भर. स्ट्रेट एजचे आकडे आले की इथंच टाक, फोटोसकट. मग फेस किती घ्यायचा ते ठरवू.