जावरचं जस्त आणि भोवतालची खेडी

उदयपूरहून बडोद्याला येताना टीडीजवळ जावर माइन्सचा फाटा लागतो. तिथलं जस्त हिंदुस्तान झिंक कंपनीनं शोधलं का आणि आसपासच्या गावांना त्यातून काय मिळालं, असं तुम्ही विचारलंय.

कंपनीनं शोधलं नाही. तिथल्या जुन्या खाणींत सापडलेली लाकडं दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. पण खरी करामत भट्टीत आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि खनिजातून सुटायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे ते वाफ होऊनच निघतं, आणि हवा लागली की परत ऑक्साइड. यावर जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी काढल्या. त्या भरून तोंड खाली करून भट्टीत लावायच्या, वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरून जस्त साचायचं. भरताना मधोमध काडी खोचत. मूस उलटी केली तरी माल सांडत नसे आणि काडी जळाली की वाफेला वाट मिळे. एका भट्टीत अशा ३६ मुशी. १९८०च्या दशकात हे उकरून काढणाऱ्यांत आपल्या सयाजीराव विद्यापीठाचे के. टी. एम. हेगडे होते, ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक आणि हिंदुस्तान झिंकही. बडोद्यात हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, याचं मला नवल वाटतं. वापरून झालेल्या मुशी गावकऱ्यांनी घरांच्या भिंतींत चिणल्या आहेत, त्या जरूर बघा.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम थांबलं. त्याआधी शिंदे-होळकरांच्या वसुलीनं मेवाड जेरीस आलेला होताच. आपल्याला ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे. पुढं १९६६मध्ये हिंदुस्तान झिंक सरकारी कंपनी म्हणून उभी राहिली, १९६८मध्ये उदयपूरजवळ देबारीला तिचा जस्त गाळण्याचा कारखाना सुरू झाला. २००२मध्ये कंपनीची सूत्रं खासगी हाती गेली. त्याआधीच, १९७७मध्ये, भिलवाडा जिल्ह्यात रामपुरा आगुचाचा मोठा साठा सापडला आणि भर तिकडे सरकला.

आता गावांचं. यांत्रिक खाणीत माणसं कमी लागतात, त्यामुळे नोकऱ्यांवर फार भिस्त ठेवू नका. पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात असतो: २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या (खनिजावर सरकारला द्यायच्या रकमेच्या) ३० टक्के आणि लिलावात दिलेल्या पट्ट्यांना १० टक्के इतकी रक्कम तिथं भरावी लागते. ती खाणबाधित भागासाठीच आहे, पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांना. तुमच्या ओळखीच्या गावात कोणती कामं मंजूर झाली आणि किती पुरी झाली, हे जिल्हाधिकारी कचेरीत विचारा. कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा ती यादी जास्त बोलकी असते.