ॲटनबरो हे आडनाव इंग्लंडमध्ये नेमकं कुठलं? सगळे ॲटनबरो एकमेकांचे नातेवाईक असतात का?

गावावरून पडलेलं आडनाव आहे, आपल्याकडच्या 'कर' आडनावांसारखंच. नॉटिंगहॅमच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीकाठी ॲटनबरो नावाचं गाव आहे. आडनाव दुर्मीळ, आणि १९व्या शतकातही ते मुख्यतः नॉटिंगहॅमशायर आणि आसपासच्या भागातच सापडायचं. 'गांधी' चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड आणि निसर्गपट करणारे डेव्हिड ॲटनबरो यांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म स्टेपलफर्डचा, म्हणजे मूळ गावापासून जेमतेम काही मैलांवर!

नात्याबद्दल म्हणाल तर बहुतेक हो. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी इंग्लिश आडनावांच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले (२००९). हे गुणसूत्र आडनावासारखंच वडिलांकडून मुलाकडे जातं. ॲटनबरो आडनावाच्या दहातल्या जवळपास नऊ जणांचं गुणसूत्र एकाच वंशाचं निघालं, म्हणजे मूळ पुरुष बहुधा एकच. स्मिथ आडनावात असं काहीच आढळलं नाही. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते, त्यामुळे ते आडनाव शेकडो घरांनी स्वतंत्रपणे घेतलं. म्हणूनच वंशावळ शोधणाऱ्याला दुर्मीळ आडनाव फार उपयोगी पडतं.

याच लेस्टरच्या कॉलेजचे, विद्यापीठ होण्याआधी, फ्रेडरिक ॲटनबरो प्राचार्य होते. आणि ॲटनबरो गावालगतच्या जुन्या रेतीखाणींच्या तळ्यांवर झालेल्या पक्षी अभयारण्याचं उद्घाटन १९६६ मध्ये डेव्हिड ॲटनबरो यांनीच केलं.