वकील सोबत बसू शकतील का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बावीस वर्षं मस्कतला फिटर आहे. गेल्या महिन्यात येताना खोलीवरच्या एकाने ‘गावी पोचव’ म्हणून दिलेल्या सोन्याच्या दोन पाटल्या त्याच्या बॅगेत होत्या. मुंबई विमानतळावर कस्टमने त्या जप्त केल्या, रात्रभर बसवून जबाब घेतला. जबाब इंग्रजीत होता, त्याने न वाचताच सही केली. आता पुन्हा समन्स आलंय. आमच्या ओळखीचे वकील म्हणतात, मी शेजारी बसतो. तसं चालतं का? की त्याने गप्पच राहावं?
– एक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, वकिलांना घेऊन जा, पण ते शेजारी बसतील अशी आशा धरू नका. कस्टम कायदा १९६२ चा. त्याच्या कलम १०८ खाली बोलावलेला माणूस कायद्याच्या नजरेत अजून आरोपी नसतो. नुसत्या चौकशीला आलेला असतो. घरापासून दूर, कस्टमच्या कचेरीत, वकील नाही की ओळखीचं माणूस नाही, अशा वातावरणात प्रश्न विचारणं घटनेविरुद्ध आहे, असा युक्तिवाद पूलपांडी खटल्यात झाला होता. सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये तो फेटाळला. मला तो निकाल कधीच पटला नाही, पण माझ्या पटण्याला कोण विचारतो! २०११ मध्ये एका अमली पदार्थांच्या प्रकरणात त्याच कोर्टाने वकिलाला दिसेल इतक्या जवळ, पण ऐकू येणार नाही इतक्या दूर बसू दिलं. तेही त्या माणसाची तब्येत पाहून. भावाला बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांचे कागद जोडून तसा लेखी अर्ज करायला हरकत नाही.

गप्प राहणं मात्र अंगाशी येईल. समन्स मिळालेल्याने हजर राहून खरं सांगायचं, असं कलमातच आहे आणि खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा ठरतो. पाटल्या कुणी दिल्या, कुणाकडे पोचवायच्या होत्या, हे असेल तसं सांगू द्या. खोलीवरच्या मित्राला वाचवायला गेला, तर हा अडकेल.

खरी काळजी मला त्या सहीची वाटते. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे आपण सगळे ऐकून असतो. कस्टम अधिकारी पोलीस धरले जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुढचा जबाब पुरावा म्हणून येतो. ज्युनिअर असताना असाच एकाची वाट बघत मी बाहेरच्या बाकड्यावर दिवस काढला होता. चार चहा झाले, संध्याकाळी तो आला. काय लिहून दिलंस, विचारलं. म्हणाला, ‘साहेब म्हणाले सही कर, केली.’ पुढे चार वर्षं आम्ही त्या सहीशीच भांडत होतो.

म्हणून आधी भावाकडून त्या रात्रीचं सगळं वकिलांना सांगवा. दमदाटीने किंवा न वाचता भलतंच काही लिहून घेतलं असेल, तर त्या कचेरीला तसं लेखी कळवून जबाब मागे घ्या, पत्राची पोच जपून ठेवा. हे आत्ताच करा. सहा महिन्यांनी आठवण झाली तर कोर्टाला वकिलाची शिकवणी वाटते. जबाब खराच असेल तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका.

उद्या अटक झालीच, तर गोष्ट बदलते. कारण सांगावं लागतं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं आणि चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ नाही, पण भेटता येतं. कस्टमच्या अटकेलाही ही बंधनं लागू आहेत, हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं.

या खेपेला भावाने जबाब मराठीत, स्वतःच्या हाताने लिहून देतो म्हणावं. टाइप केलेलाच पुढे आला तर मराठीत वाचून दाखवायला सांगावं आणि मगच सही करावी. आणि हो, वाचायचा चष्मा त्याच्या खिशात आहे ना, हे निघताना तुम्हीच बघा.