पहिलं सिझर झालं, आता दुसरं नॉर्मल होईल का?

सातवा महिना लागलेली ती सासूबाईंसोबत आली होती. यवतमाळ जिल्ह्यातलं कपाशीचं गाव, वेचणीचे दिवस. पहिला मुलगा सिझरचा, आता तीन वर्षांचा. सासूबाई बसायच्या आधीच बोलल्या, "मॅडम, यावेळी सिझर नाई पाह्यजे." ती मात्र खाली मान घालून म्हणाली, "मले भेव लागते. कळा आल्या का आतले टाके उसवतीन म्हनते शेजारीन."

सिझर झालेल्या जवळपास प्रत्येकीच्या पोटात हीच भीती असते. याचं उत्तर बाईच्या हिमतीवर नाही, जुन्या डिस्चार्ज कार्डावरून ठरतं. म्हणून मी आधी ते मागितलं. पुढच्या तपासणीला आणलं, घड्यांवर फाटलेलं, पण अक्षर वाचता येत होतं. बाळ पायाळू म्हणून सिझर, आणि गर्भपिशवीला छेद खालच्या भागात, आडवा. पोटावरच्या व्रणावरून आतला छेद कळत नाही, हे बायांना कोणी सांगत नाही. तो वरच्या भागात उभा असेल तर कळांची वाट पाहायचीच नसते.

यावेळी बाळाचं डोकं खाली होतं, दोन बाळांत पुरेसं अंतरही होतं. डॉक्टरांनी नॉर्मलचा प्रयत्न करायला हरकत नाही असं सांगितलं. मी दोघींना समजावलं: अशा 100 जणींनी प्रयत्न केला तर साधारण 60 ते 80 जणींची नॉर्मल होते. पिशवीचा जुना टाका उसवण्याचा धोका 200 जणींत एकीला. कमी आहे, पण उसवला तर लगेच ऑपरेशन लागतं. म्हणून उपकेंद्रात किंवा घरी नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त रात्रीही मिळेल तिथंच बाळंतपण.

सासूबाई गप्पच. खोदून विचारल्यावर खरं बाहेर आलं. मागचं सिझर खासगीत झालं होतं, बिलासाठी गाय विकावी लागली. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सिझर, औषधं, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी सगळं मोफत आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. सिझरला एवढा विरोध का, हे आपण घरच्यांना विचारतच नाही. मला त्याची फार तळमळ वाटते.

मग बेत ठरला. नववा महिना लागला की यवतमाळला नणंदेकडे राहायचं. कळ ओसरल्यावरही टाक्याच्या जागी दुखत राहिलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर 108 ला फोन.

कळा आपोआप आल्या, पण पिशवीचं तोंड अर्ध्यावर अडलं. दुसरं सिझरच झालं, मुलगी झाली. भेटायला गेले तर म्हणाली, "माह्याच्यानं नाई झालं ना, ताई." मी तिला सांगितलं, प्रयत्न करणाऱ्या दर पाच जणींत एक-दोघींचं असंच होतं. वेळेवर सिझर झालं म्हणून दोघी सुखरूप आहात. यात तुझं काहीच चुकलं नाही.

पुढचं बोलणं मी नवऱ्यासमोर केलं. दर सिझरनंतर पुढच्या गरोदरपणात वार (प्लासेंटा) जुन्या व्रणाला चिकटण्याचा धोका वाढतो, रक्तस्राव जिवावर बेततो. त्यानं बिनटाक्याच्या नसबंदीबद्दल विचारलं. "माह्या पोराले वजनाचे कामं जमतीन काय?" सासूबाईंची लगेच शंका. थोड्या दिवसांनी जमतात, मी म्हटलं, आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले.