‘बारका आहे’ म्हणून परत पाठवलं

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा, उंची पाच फूट दोन इंच. पेठेतल्या फुटबॉल संघाकडून मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत, खेळतो. गेल्या महिन्यात निवड चाचणीतून त्याला ‘खेळ चांगला आहे, पण बारका आहे’ म्हणून परत पाठवलं. ह्यांचं म्हणणं, आता बॉल माळ्यावर टाक आणि दहावीचं बघ. एवढ्याशा अंगाने मिडफिल्डरचं करिअर होतं का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, चाळीस वर्षांपूर्वी एका चाचणीतून मलाही ह्याच शब्दावर घरी पाठवलं होतं. आमच्या वेळी मिडफिल्डर कुणी म्हणत नसे, लिंकमन म्हणायचे. आणि लिंकमन म्हणजे समोरच्याला अंगावर घेणारा गडी, अशीच समजूत. तो ‘बारका’ डोक्यातून जायला मला तीन सीझन लागले. तेव्हा पोरगं दोन दिवस नीट जेवलं नसेल तर रागावू नका.

त्याला लुका मॉड्रिच माहीत असेलच. जगातल्या नावाजलेल्या मिडफिल्डरांपैकी एक, क्रोएशियातल्या झादारजवळचा हा मुलगा. १९९१ च्या युद्धात आजोबा मारले गेले, घर सुटलं, आणि निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलात तो वाढला. तिथल्या पार्किंगमध्ये बॉल खेळायचा. हायदुक स्प्लिट ह्या मोठ्या क्लबने त्याला अशक्त म्हणून नाकारलं. एवढं सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत, आणि तुमच्या कामाचं तेच आहे. दिनामो झाग्रेबने त्याला घेतलं आणि अठराव्या वर्षी, २००३ मध्ये, उसनवारीवर बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तार क्लबात पाठवलं. खडबडीत मैदानं, पायावर येणारे टॅकल, रेफ्रींचा कानाडोळा. आपल्याकडच्या पेठांच्या मॅचसारखंच म्हणा ना! तिथे तो अंगाने वाढला नाही. बॉल पायात येण्याआधीच पुढचा पास ठरवायला शिकला. धक्का द्यायला माणूस पोचेपर्यंत बॉल गेलेला. त्या मोसमात तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पुढे २००८ मध्ये इंग्लंडचा टॉटनहॅम क्लब, २०१२ मध्ये स्पेनचा रेआल माद्रिद. पहिल्याच मोसमात एका स्पॅनिश दैनिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं. २०२५ मध्ये तो रेआल सोडून इटलीच्या मिलान क्लबात गेला तेव्हा सहा चॅम्पियन्स लीगसह (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) २८ चषक नावावर होते आणि वय चाळिशीला टेकलं होतं. मैदानाच्या कडेने पळणारा, वेगावर जगणारा विंगर तिशीतच उतरणीला लागतो. नजरेवर खेळणारा टिकतो. २०२२ ची रेआलची चेल्सी ह्या इंग्लिश क्लबाविरुद्धची मॅच मुलासोबत बघा. ८० वं मिनिट, रेआल ०-३ ने मागे, आणि छत्तीस वर्षांच्या मॉड्रिचने उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने बचावफळीवरून असा बॉल सोडला, की पुढे धावलेल्या जोडीदार रोड्रिगोला फक्त पाय लावायचा होता.

मात्र मॉड्रिच पाच फूट आठ इंच आहे. तुमचा मुलगा अजून वाढेल, नाहीही वाढणार. आणि मुलाच्या वडिलांचं म्हणणं उडवून लावू नका. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. चांगल्या पगारावरच्या खेळाडूंना नवा क्लब शोधावा लागला. म्हणून दहावी सोडायची नाही, बारावीही नाही. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे; पण अर्ज भरायला शिक्षण लागतं, प्रमाणपत्रं लागतात. ती आजपासून एका फाइलमध्ये लावा. माझी निम्मी पावसाळ्यात भिजून गेली, नोकरीच्या वेळी हात चोळत बसलो.

आणि त्याच्या वडिलांनाच कामाला लावा. पोराला घराच्या भिंतीवर पास मारायला सांगा, वडील त्याच्या मागे उभे राहू देत. बॉल भिंतीवरून परत येईपर्यंत त्याने मान वळवून मागे बघायचं आणि वडिलांनी किती बोटं दाखवली ते ओरडून सांगायचं. मग बॉल घ्यायचा. रोज वीस मिनिटं. पहिले आठ दिवस बॉल गटारात जाईल.

प्रश्न : मिडफिल्डरने गोल केले नाहीत तर त्याचं नाव कसं होणार?
– एक वाचक, सांगली

उत्तर : २०१८ च्या विश्वचषकात मॉड्रिचचे गोल दोनच, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच. डेन्मार्कविरुद्ध जादा वेळेत त्याच्या पासवर जोडीदार रेबिच सुटला, पाडला गेला, पेनल्टी मिळाली. ती मॉड्रिचने घेतली आणि गोलकीपर श्मायकेलने अडवली. थोड्याच वेळात शूटआउट आलं, म्हणजे निकालासाठी दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी मारायच्या. समोर तोच श्मायकेल. मॉड्रिच पुन्हा गेला आणि मारला.