"ताई, माझ्यात पवित्र आत्मा नाही का?"

उपवास-प्रार्थना आटोपून ती थेट माझ्याकडे आली होती. आवाज बसलेला. "ताई, बाप्तिस्मा घेऊन तीन वर्षं झाली. सगळे अन्य भाषेत बोलतात, माझ्याच तोंडून काही येत नाही. माझ्यात पवित्र आत्मा नाही का?"

अन्य भाषा म्हणजे प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने तोंडून येणारी, न शिकलेली भाषा. हा प्रश्न मी पुष्कळांकडून ऐकला आहे. पण हिच्या मनात आणखी काहीतरी होतं. हातातल्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आज मी खोटंच बोलले. शेजारची म्हणाली, तोंडाला येईल ते भरभर म्हण. मी म्हटलं. सगळ्यांनी हालेलुया केलं." आणि रडायला लागली.

मी तिला रडू दिलं. मग बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र तिच्यापुढे ठेवलं; प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं. 12व्या अध्यायाच्या शेवटी पौल विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? त्याला 'नाही' हेच उत्तर अपेक्षित आहे.

"मग पेन्टेकॉस्टच्या दिवशी?" तिने विचारलं. विचारलं ते बरं झालं. त्या दिवशी येशूच्या शिष्यांवर आत्मा उतरला, ते अन्य भाषांत बोलू लागले आणि दूरदूरच्या लोकांनी देवाची महत्कृत्यं आपापल्या भाषेत ऐकली. पुढे कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी याच खुणेवरून येशूचा शिष्य पेत्र याच्याबरोबरच्या यहूद्यांना पटलं की परराष्ट्रीयांवरही, म्हणजे यहूदी नसलेल्यांवरही, आत्मा ओतला गेला आहे. करिंथात मात्र हे दान एकांतात देवाशी बोलण्याचं, स्वतःच्या उन्नतीचं. सभेत दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावं. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावं. पौल स्वतः सगळ्यांहून जास्त अन्य भाषा बोलायचा, तरी मंडळीत त्याला दहा हजार न कळणाऱ्या शब्दांपेक्षा कळणारे पाच बरे वाटायचे.

पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत पुष्कळ जण अन्य भाषेला आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे आत्म्याने भरून जाण्याची, पहिली खूण मानतात, तर इतर काही मंडळ्या हे दान प्रेषितांच्या काळापुरतंच मानतात. तिला तिच्या मंडळीविरुद्ध उभं करणं माझं काम नव्हतं. पौलही म्हणतो, अन्य भाषेला मना करू नका. पण कुणाला ढकलून ते बोलायला लावणं मला फार दुखतं.

"तू प्रार्थना कशी सुरू करतेस?" मी विचारलं.

"प्रभू येशू, म्हणून."

त्याच 12व्या अध्यायातलं तिसरं वचन तिला वाचायला लावलं: पवित्र आत्म्यावाचून कोणालाही येशूला प्रभू म्हणता येत नाही. तिने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बोट ठेवून.

खोट्याचं ओझं उरलंच होतं. दोन आठवड्यांनी तिने त्या शेजारच्या बाईला खरं सांगितलं. बाई बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं गं."